सुळसुळीत कापड आणि मुरबाडचा उन्हाळा

होळी उलटली की आमच्या शहापूर-मुरबाडकडे दोन कामांची एकदमच घाई सुटते. विहिरीचा तळ दिसायच्या आत पाण्याची काहीतरी व्यवस्था बघायची, आणि लग्नसराईचे कपडे शिवायला टाकायचे. पहिल्या कामाबद्दल वर्तमानपत्रांतून दरवर्षी छापून येतं. दुसऱ्याबद्दल कुणी लिहीत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. कारण या दोन्ही गोष्टींची एकमेकींशी किती घट्ट गाठ आहे, हे यंदाच्या उन्हाळ्यात मी जवळून पाहिलं.

तुमच्याही घरी असंच असेल, मैत्रिणींनो. आपल्या लहानपणी सुट्टीत आईच्या जुन्या रेशमी साडीचं परकर-पोलकं मिळालं की आभाळ ठेंगणं व्हायचं. आताच्या मुलींना स्कर्ट आणि टॉप हवा. तोही सुती नको. अंगावरून पाण्यासारखा ओघळणारा, सॅटिनचा, क्रेपचा, जॉर्जेटचा, मऊ रेयॉनचा. आमच्या सासूबाई या सगळ्या प्रकारांना मिळून एकच शब्द वापरतात, 'सुळसुळीत'. मला तो दुकानदारांच्या सगळ्या नावांपेक्षा नेमका वाटतो. कापड सुळसुळतं, कात्रीखालून निसटतं, मशीनवर चढत नाही, आणि म्हणूनच गावातले बरेचसे शिंपी ते हातात घेत नाहीत. "ताई, पॉपलिन आणा, टेरिकॉट आणा, हे नको," असं सांगून मोकळे होतात. मग आपण तयार कपडे विकत आणतो. ते दोन धुण्यांत शिवणीपाशी फाटतात आणि पैसेही गेलेले असतात.

मी शहापूरला राहते. सकाळी घरचं आटोपून एका शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि कार्यानुभवाचे तास. मुरबाडला माझ्या चुलत वन्सं राहतात. त्यांच्या दिराचं लग्न वैशाखात, आणि दहा वर्षांच्या भाचीचा हट्ट तोच, सुळसुळीत स्कर्टचा. "वहिनी, तुम्ही शिवणाचे तास घेता, तुम्हीच काहीतरी करा," असा वन्संचा निरोप आला. कल्याणला माझं माहेर. तेव्हा कापड त्या बाजूनं घ्यावं, एस.टी.नं मुरबाडला जावं आणि तिथून सरळगाव, किन्हवली करत शहापूरला परतावं, असा बेत ठरवला. नेहमी आम्ही लोकलनं आसनगावला उतरतो. हा वळसा मोठा, पण मार्च २०२३पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे अशा वळशांना घरातूनही फारशी हरकत येत नाही!

कापडासाठी कल्याणच्या बायका उल्हासनगरच्या गजानन मार्केटकडे धावतात. ठाण्यांची ही भिंतच्या भिंत, आणि प्रत्येक दुकानदाराच्या तोंडी 'सिल्क'. बटर सिल्क, जपान सिल्क, अमुक सिल्क. त्यातल्या बहुतेकांनी रेशमाचा किडा पाहिलेलाही नसतो. तेव्हा एक जुनी परीक्षा सांगते. कापडाच्या कडेचे चारदोन धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत चुरगळली तर ते खरं रेशीम. कागदासारखा भुरुभुरु जळून हलकी राख उरली तर रेयॉन किंवा सूत. आणि धागा आक्रसून वितळला, थंड झाल्यावर कडक मणी हाताला लागला, तर पॉलिएस्टर. एका दुकानात मला 'एकदम प्युअर' म्हणून दाखवलेल्या कापडाचा चांगला टणक मणी झाला. दुकानदार हसला आणि त्यानं दुसरं ठाण काढलं. हे काडीचं प्रकरण दुकानाबाहेर, उघड्यावर आणि चिमट्यात धरूनच करायचं बरं का. वितळलेला थेंब बोटाला चिकटला तर कातडीसकट निघतो. त्याच कारणासाठी लग्नात समया आणि होमाभोवती फिरणाऱ्या लहान मुलींना निव्वळ पॉलिएस्टरचे घेरदार कपडे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्याच्या दृष्टीनंही फरक फार मोठा. शंभर ग्रॅम कोरडं कापड हवेतला ओलावा किती शोषतं पाहा. रेयॉन साधारण १३ ग्रॅम, रेशीम ११, सूत ८ ते साडेआठ, आणि पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुरबाडचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पॉलिएस्टरचं सॅटिन घालून मांडवात बसलेल्या पोरीचा घाम जाणार कुठे? म्हणून मी मोतिया रंगाचं, बारीक फुलांचं रेयॉन घेतलं. पन्हा ४४ इंच, लांबी तीन मीटर. पावणेदोन स्कर्टला, बाकी टॉपला. शिवाय अस्तरासाठी दीड मीटर मलमल. अस्तर कधीही पॉलिएस्टरचं घेऊ नका. वरचं कापड कितीही भारी असलं तरी अंगाला लागतं ते अस्तरच.

गंमत म्हणजे हे रेयॉन आपल्या ठाणे जिल्ह्याच्या चांगलं ओळखीचं. कल्याणहून मुरबाडची गाडी निघाली की शहाडला बिर्ला मंदिर लागतं, आणि तिथेच सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. १९५६पासूनचा. अलीकडे आंबिवलीजवळ मोहन्याला नॅशनल रेयॉनचा कारखाना होता. माझ्या लहानपणी आमच्या आळीतले किती तरी बाप्ये 'एन.आर.सी.'त कामाला जायचे. तो २००९ साली बंद पडला आणि त्या घरांची घडीच विसकटली. रेयॉन निघतं लाकडाच्या लगद्यापासून. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात. मधासारखा दाट रस होतो. तो बारीक छिद्रांच्या टोपीतून आम्लाच्या टाकीत सोडला की धागे तयार. आपण घरी सोऱ्यातून शेव पाडतो ना, तसंच काहीसं. विलायतेत या कृतीचं पेटंट झालं १८९२ साली. आणि त्याच वर्षी आमच्या शहापूर तालुक्यातलं तानसा धरण पुरं होऊन त्याचं पाणी मुंबईला गेलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या आता शेजारी शेजारी बसल्या आहेत.

म्हारळ, वरप, कांबा करत गाडी रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडते. गोवेली गेलं की शहर सुटलं. उन्हाळ्यात हा मुलूख दिसायला ओका असतो. साग पानं गाळून उभा, भाताची खाचरं भाजून काळी पडलेली, मधूनच पळसाचा भडक लाल. फाट्याफाट्यावर कातकरी, ठाकूर बायका पानाच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसलेल्या. कल्याण ते मुरबाड सुमारे तीस किलोमीटर, पण तीन मीटर रेयॉनची पिशवी मांडीवर सांभाळत खिडकीतल्या धुळीपासून वाचवायची म्हणजे अंतर वाढतंच!

मुरबाडला वन्संकडे भाचीची मापं घेतली. कंबर २४, स्कर्टची उंची २६, टॉपची १८, छाती २७. सुळसुळीत कापडाला घेर सढळ लागतो. पॉपलिनला कमरेच्या दुप्पट पुरतो, याला तिप्पट धरावा. पातळ कापडाच्या चुण्या बसल्या की जाडी होत नाही, उलट झोक येतो. टॉप मात्र छातीला तीनचार इंच सैल ठेवला. अंगाला चिकटून बसणारा टॉप उन्हाळ्यात शिवूच नये, आणि नाजूक कापडाचा तर नाहीच. काखेत ताण बसला की शिवण सरकते आणि धागे विरतात.

शिवायचं कुणी? माझं मशीन घरी, पण खरी हातोटी ज्यांच्याकडे आहे अशा एक ताई मला ऐकून माहीत होत्या, किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यावर. वन्सं म्हणाल्या, "मुरबाडच्या बायकासुद्धा त्यांच्याकडे जातात. शिलाई दीडपट घेतात, पण कापड वाया घालवत नाहीत." मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. सरळगावपर्यंत माळशेजच्या रस्त्यानं गाडी, पुढे किन्हवलीकडे जीप, आणि शेवटी पायी.

ताईंचं घर कौलारू, पुढे ओटी, ओटीवर मशीन. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याणच्या योजनेतून मिळालेलं. मी पिशवी पुढे केली. त्यांनी कापड चुरगाळून पाहिलं, उजेडाला धरलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, पाण्यातून काढलंय का?"

नव्हतं काढलं, ते शिवण्याआधी घरी करायचं असाच माझा विचार होता. त्या म्हणाल्या, "मग आज मी बेतत नाही. रेयॉन पहिल्या पाण्याला आटतं. तुमच्या स्कर्टची उंची दीड इंच गेली तर दोष माझ्यावर. आणि मी भिजवू म्हटलं तर माझ्याकडे पाणी नाही." पाड्याची विहीर आटलेली. टँकर दिवसाआड, तोही आला तर. एक कापड नीट भिजवायचं म्हणजे अर्धी बादली, आणि लग्नसराईत रोज चारपाच कापडं येतात. "सुती असेल तर मी माया जास्त सोडते, भागतं. याला नाही भागत. म्हणून मी सगळ्यांना सांगते, घरून भिजवून, सावलीत वाळवून आणा. शहरातल्यांना वाटतं बाई नखरा करते."

मी ओटीवरच बसले. आमच्या तालुक्यात भातसा, तानसा, मध्य वैतरणा. मुंबईला लागतं त्यातलं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. आणि इथे एका कुशल बाईचं काम अर्ध्या बादलीवर अडतंय. मी काही बोलले नाही. बोलून काय, त्यांनाच ते जास्त ठाऊक. मी म्हटलं, "मी भिजवून आणते, पण मला तुमची रीत बघू द्या. माझ्या शाळेतल्या मुलींना शिकवीन." त्या हसल्या आणि दुसऱ्या कुणाचं तरी क्रेप बेतायला घेतलं. त्या दोन तासांत मी जे पाहिलं ते कुठल्या शिवणक्लासात पाहिलं नव्हतं.

पहिलं, हात. शेणगोठा, सरपण, लावणी-कापणी करणाऱ्या हातांची बोटं खरखरीत असतात आणि रेशमी धागा त्यांत अडकून ओढला जातो. ताई आदल्या रात्री खोबरेल तेल आणि साखर तळहातांवर चोळतात, सकाळी धुऊन पुसून कोरडे करतात. आपलेही हात भांडी घासून तसेच झालेले असतात, तेव्हा हे लक्षात ठेवाच. दुसरं, वेळ. सुळसुळीत काम त्या पहाटे सहा ते दहापर्यंतच करतात. नंतर घामाचे डाग पडतात, आणि पंखा लावला तर कापड उडतं. म्हणजे मे महिन्यात पंखा बंद करून बसायचं!

बेतताना कापड दुहेरी घालत नाहीत. जमिनीवर जुनी सुती चादर पसरून तिच्यावर एकेरी पसरतात, म्हणजे घसरत नाही. कागदाचा बेत वर ठेवून कडेला वजनकाट्याची मापं ठेवतात. टाचण्या टोचायच्याच तर फक्त मायेत, कारण आत टोचलेल्या टाचणीचं भोक क्रेपवर कायम राहतं. फारच नाठाळ कापड असलं तर त्याला भाताच्या पेजेची पातळ खळ देतात. गाळून घेतलेली, अगदी पाण्यासारखी. वाळलं की कापड कागदासारखं शहाणं होतं, शिवून झाल्यावर एका धुण्यात खळ निघून जाते. आमच्याकडे भाताचाच मुलूख, पेजेला तोटा नाही. खऱ्या रेशमाला मात्र ही खळ देऊ नका, आणि इतर कापडालाही आधी एका चिंधीवर देऊन पाहा.

मशीनला नवी कोरी सुई, नऊ किंवा अकरा नंबरची. "बायका दोरा भारी आणतात आणि सुई वर्षभर बदलत नाहीत," असं त्या म्हणाल्या. बोथट सुई धागा कापत नाही, ओढते, आणि मग शिवणीच्या दोन्ही बाजूंना रेघा उठतात. टीप बारीक. शिवण मशीनच्या दातांत खेचली जाऊ नये म्हणून खाली पतंगाच्या कागदाची पट्टी, शिवून झालं की टरकन फाडून टाकायची. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई लागते. बाजूच्या शिवणी दुहेरी, शिवणक्लासात जिला फ्रेंच सीम म्हणतात ती. आधी सुलट बाजूनं अगदी कडेला टीप, माया कातरून बारीक करायची, मग उलटवून दुसरी टीप. कच्ची कड आत गडप होते. इंटरलॉकची गरज राहत नाही आणि धागे निघत नाहीत. तयार कपड्यांत ही मेहनत कुणी घेत नाही, म्हणून ते फाटतात.

गळ्याला पट्टी उरेब कापडाची, पण त्याच कापडाची न लावता मलमलीची. नेफ्याला मात्र इलॅस्टिक रुंद, इंचाचं. बारीक इलॅस्टिक पोरीच्या कमरेला रुततं आणि घामानं पुरळ येतं. अस्तर स्कर्टपेक्षा इंचभर आखूड, फक्त कमरेपाशी जोडलेलं, खाली मोकळं.

निघताना त्यांनी शिलाईचा हिशेब सांगितला. गणवेश, ब्लाउज असली कामं आता घरोघरी होतात, दर पडलेले. या नाजूक कामामुळे त्यांच्या मुलीच्या बारावीच्या क्लासची फी निघाली. "पाऊस पडला की पाणी आहे, पण लग्नं नाहीत. लग्नं आहेत तेव्हा पाणी नाही. माझं सगळं वर्ष या तीन महिन्यांत," त्या म्हणाल्या.

किन्हवलीहून शहापूरला येताना सापगावच्या पुलावर भातसा नदी लागते. भर उन्हाळ्यातही पात्रात पाणी वाहत होतं. धरणातून सोडलेलं, खाली पिशाला उचलून मुंबईला जाणारं. जीपमधल्या सगळ्याच बाया खिडकीतून तिकडे बघत होत्या. पलीकडे माहुलीचे सुळके उन्हात धूसर दिसत होते.

घरी येऊन मी रेयॉन भिजवलं. आमच्याकडे नळाला एक वेळ पाणी येतं, तेही तासभर. अर्धी बादली कोमट पाणी, साबण अजिबात नाही, वीस मिनिटं. ओलं रेयॉन फार दुबळं असतं, त्याची निम्मी ताकद जाते, म्हणून पिळायचं नाही. दोन तळहातांत दाबून टॉवेलमध्ये गुंडाळायचं आणि सावलीत आडव्या काठीवर पसरायचं. कापड साडेतीन इंच आटलं, मोजून पाहिलं मी. तेच पाणी मलमलीला वापरलं आणि मग ओट्याच्या फरशीला. पुढेही हे कपडे धुताना पावडरचा ढीगभर फेस करू नका. तो काढायला तीन पाणी लागतात. रिठ्याचं पाणी बरं. फेस बेताचा, आणि नंतर एकदा खळबळलं की पुरे. इस्त्री उलट बाजूनं, मध्यम गरम, कापड किंचित दमट असताना.

चार दिवसांनी इस्त्री केलेलं कापड ताईंकडे पोचवलं. सोबत शाळेतल्या दोन मैत्रिणींचीही कापडं, भिजवून वाळवलेली. आता आमच्या स्टाफरूममध्ये हा नियमच झाला आहे. किन्हवलीकडे जाणाऱ्या पिशवीत कोरं कापड टाकायचं नाही. आठवीच्या मुलींना मी कार्यानुभवाच्या तासाला दुहेरी शिवण शिकवली, क्रेपच्या चिंध्यांवर. तिघीचौघींची इतकी सुबक आली की ताईंना दाखवायला ठेवून दिली आहे. मेच्या अखेरीस कामं वाढली की त्यांना मदतनीस हवीच असते.

स्कर्ट शिवून आला तो खालच्या घेराला दुमड न घालता. ही ताईंची शेवटची अट. सुळसुळीत कापड स्वतःच्या वजनानं लोंबतं, सगळीकडे सारखं नव्हे. म्हणून रात्रभर कमरेला चिमटे लावून टांगून ठेवायचं आणि मगच खालची कड कापायची. मी खुंटीला टांगला. सकाळी जमिनीपासून पट्टीनं मोजलं, तर डावी बाजू पाऊण इंच उतरली होती. तेवढी कातरली, आणि दुपारी शाळेतून आल्यावर बारीक सुईनं हातानंच तुरपाई घालत बसले.